आत्याकडची पक्ष्यांची सहा जुनी चित्रं : ओळख पटवण्यापासून किंमत ठरेपर्यंत

गिरगावातली आत्याची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, नोव्हेंबर २०२४ मध्ये खोली रिकामी करून द्यायची नोटीस आली, आणि भांडी, गाद्या, देव सगळ्यांची सोय लागली तरी बाहेरच्या खोलीतल्या पक्ष्यांच्या सहा फ्रेम्सचं काय करायचं ते कोणालाच कळेना. आजोबा बॅलार्ड इस्टेटला एका गोऱ्या कंपनीत हेडक्लार्क होते, सत्तेचाळीसनंतर साहेब लोक सामान विकून गेले त्यात ही चित्रं आमच्याकडे आली, एवढीच काय ती माहिती. न्यू जर्सीचा चुलतभाऊ (आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो) फोनवर म्हणाला, मोठं चित्र मी नेतो. काकू म्हणाली, विका आणि वाटून टाका. आत्या म्हणाली, आधी काय आहे ते तर कळू दे. आणि मी अकाउंट्समध्ये काम करते म्हणून हे सगळं माझ्या गळ्यात पडलं, जसं काही बॅलन्सशीट जुळवता आली की पक्षीही ओळखता येतात.

एप्रिलअखेर हे प्रकरण बऱ्यापैकी मार्गी लागलं. मध्ये बरंच शोधूनही मराठीत याबद्दल काही सापडलं नाही म्हणून सविस्तर लिहितेय, कोणाच्या घरी भिंतीवर असं काही असेल तर उपयोग होईल.

सगळ्यात आधी घरी एक खरेदीदार येऊन गेला, कोणाच्या तरी ओळखीतून. त्याने सहाही फ्रेम्सचे मिळून सहा हजार सांगितले, रोख, लगेच. पाच फ्रेम्सकडे त्याने धड बघितलंही नाही, पण मोठ्या फ्रेमपाशी दोनदा गेला, मोबाईलचा टॉर्च मारून खालची ओळ वाचली आणि मग "जुना कागद आहे, डाग पडलेत, कोण घेणार" असं सुरू केलं. डाग पडलेत तर टॉर्च कशाला मारतोयस बाबा! आत्याने त्याला चहा पाजला आणि विचार करून सांगतो म्हणून रवाना केलं. माझ्या मते पहिली ऑफर ऐकून घ्यायची, लिहून ठेवायची आणि चित्र काय आहे ते कळेपर्यंत कोणालाच हो म्हणायचं नाही.

मग फोटो. प्रत्येक फ्रेम पुढून, मागून, चारही कोपरे, खाली काही छापलेलं असेल तर ते जवळून, आणि शेजारी मोजपट्टी ठेवून. दुपारी खिडकीच्या उजेडात काढले, फ्लॅश काचेवर चमकतो. हे फोटो पुढे इतक्या जणांना पाठवावे लागले की हे काम पहिल्याच दिवशी नीट केल्याचं बरं वाटलं.

हत्यारं दोनच लागली. झवेरी बाजारात सोनारांची अवजारं विकणारी दुकानं आहेत तिथून दहा पट मोठं दाखवणारी लूप, साडेतीनशे रुपये. आणि नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा टॉर्च, दीडशे.

लूप डोळ्याला लावून कागदाच्या अगदी जवळ जायचं. आजकालच्या ऑफसेट छपाईत रंगाचे ठिपके एकदम शिस्तीत दिसतात, ठिपक्यांच्या रांगोळीसारखे, निळा गुलाबी पिवळा काळा, ठराविक अंतरावर. असे ठिपके दिसले की विषय संपला, ते फोटोवरून केलेलं आधुनिक प्रिंट. जुन्या लिथोग्राफमध्ये, म्हणजे दगडावर चित्र काढून छापलेल्यात, रेघ खडूसारखी रवाळ दिसते आणि ठिपक्यांची शिस्त कुठेच नसते. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं असेल तर रेघा धारदार असतात आणि पत्रा दाबल्याची चौकोनी खूण कागदावर उमटते, ती बोटाला लागते. हाताने रंगवलेलं असेल तर रंग रेघेच्या बाहेर थोडा सांडलेला, कुठे साचलेला, ब्रशचा फटकारा दिसतो. आणि चौथा प्रकार म्हणजे क्रोमोलिथोग्राफ, प्रत्येक रंगाला वेगळा दगड वापरून एकावर एक छापलेलं, त्यात ठिपके असतात पण वेडेवाकडे, आणि कडेला एखादा रंग किंचित सरकलेला असतो. पहिला दिवस सगळं सारखंच दिसतं. मी घरातलं कॅलेंडर, पन्नासची नोट, आईच्या पोथीतलं जुनं चित्र असं सगळं लूपखाली बघितलं तेव्हा कुठे नजर बसली.

जांभळा टॉर्च रात्री लाईट बंद करून वापरायचा. साधारण १९५० नंतरच्या कागदात चकाकी आणणारी रसायनं घालायला लागले, तो कागद निळसर पांढरा झळकतो. जुना कागद मंद, पिवळट राहतो. पण झळकला तर नवा एवढंच पक्कं, झळकला नाही म्हणजे जुनाच असं नाही, सगळ्याच नव्या कागदात ती रसायनं नसतात.

या परीक्षेत पहिला गेला तो फ्लेमिंगो. आत्याचा सगळ्यात लाडका, कारण शिवडीला फ्लेमिंगो बघायला जायची तेव्हापासून ती त्याला "आपला" म्हणते. चित्र ऑड्यूबॉन या अमेरिकन पक्षीचित्रकाराचं, खाली ते पत्र्यावर कोरणाऱ्या हॅवेलचं नाव, सगळं साग्रसंगीत. पण मूळ 'बर्ड्स ऑफ अमेरिका' १८२७ ते १८३८ या काळात निघालं, ४३५ चित्रं, आणि एकेक कागद साधारण साडेएकोणचाळीस बाय साडेसव्वीस इंच. आमचा फ्लेमिंगो जेमतेम दीड फूट, लूपखाली ठिपके, टॉर्चखाली ट्यूबलाईट. खालचं नाव कॉपीतही जसंच्या तसं येतं, त्यामुळे नाव वाचून हुरळून जाऊ नका, आधी कागद मोजा. आत्याला सांगितलं तर म्हणाली, मग काय झालं, दिसतो तर छान.

डिसेंबरात फ्रेम्स उघडल्या. घरी उघडू नका असं एका पेपर कॉन्झर्वेटरने, म्हणजे जुने कागद जपण्या-दुरुस्त करण्याचं काम करणाऱ्या बाईंनी, फोनवर सांगितलं होतं, कारण जुन्या फ्रेमला मागे प्लायवूड किंवा पातळ लाकडी फळी असते, खिळे गंजलेले असतात आणि कागद काचेला चिकटलेला असू शकतो, ओढला की रंग काचेवर राहतो. मी त्यांच्याकडेच घेऊन गेले, उघडून तपासायचे एका फ्रेमला तीनशे रुपये घेतले. एका फ्रेमच्या मागून १९५४ चं मराठी वर्तमानपत्र निघालं आणि मी उगाच खूश झाले, तर त्या म्हणाल्या यावरून फ्रेम कधी केली ते कळतं, चित्र कधी छापलं ते नाही. दोन फ्रेम्समध्ये कसर लागली होती. डाग खोडरबरने, ब्रेडने, ओल्या फडक्याने पुसायचे नाहीत, सेलोटेप लावायची नाही, लॅमिनेशन तर स्वप्नातही नाही. तपकिरी ठिपके पडतात ना, त्याला फॉक्सिंग म्हणतात, आपल्या हवेत ते जवळपास सगळ्याच जुन्या कागदांवर असतं. थोडं असलं तर किंमत थोडी उतरते, पण घरगुती उपायांनी चित्र धुतलं तर हाताने भरलेला रंगच जातो आणि मग काहीच उरत नाही.

आता मोठं चित्र. शिंजीर पक्ष्यांची जोडी, फुलांवर बसलेली, कागद साधारण साडेएकवीस बाय साडेचौदा इंच. काच निघाल्यावर खाली डावीकडे बारीक अक्षरात जे. गूल्ड आणि एच. सी. रिक्टर ही नावं आणि पुढे 'डेल. एट लिथ.', उजवीकडे 'हलमंडेल अँड वॉल्टन, इंप.' म्हणजे काढणारे आणि दगडावर उतरवणारे डावीकडे, छापणारे उजवीकडे. ही खालची ओळ चित्राचा जन्मदाखला समजा, माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकलेली असते बऱ्याचदा, आणि फ्रेमवाल्यांनी बसवण्यासाठी कागद कापला असेल तर तीच आधी जाते.

गूल्ड म्हणजे जॉन गूल्ड, लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीत पक्ष्यांमध्ये भुसा भरायचं काम करायचा तिथून सुरुवात. हिमालयातल्या पक्ष्यांवरचं त्याचं पहिलं मोठं पुस्तक आलं तेव्हा दगडावर चित्रं त्याची बायको एलिझाबेथ काढायची. ती १८४१ मध्ये वारली, त्यानंतर रिक्टर वगैरे मंडळी आली. 'बर्ड्स ऑफ एशिया' १८५० पासून भागाभागांनी निघत राहिलं, गूल्ड १८८१ ला गेला तरी संपलं नव्हतं, ते १८८३ मध्ये दुसऱ्याने पूर्ण केलं, एकूण ५३० चित्रं, सगळी हाताने रंगवलेली. गूल्ड स्वतः कच्चं स्केच करायचा, बाकी राबणारे वेगळेच, पण नाव त्याचं आधी. (ऑफिसात आमच्याकडेही असंच चालतं.) हलमंडेल अँड वॉल्टन हे छापखान्याचं नाव असलं की चित्र सुरुवातीच्या भागांतलं, नंतरच्या भागांवर छापणाऱ्याचं नाव बदलतं.

आमच्याकडचं नेमकं कुठलं हे पडताळायला बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी नावाची वेबसाईट आहे, जुनी निसर्गविषयक पुस्तकं स्कॅन करून फुकट ठेवलेली. एशियाचे सगळे खंड रात्री जेवणानंतर चाळले, आणि आमची जोडी दिसली तेव्हा साडेबारा वाजता आत्याला फोन लावला. तिने झोपेत विचारलं, कोण गेलं?

बदकांचं चित्र ओळखायला मात्र फोर्टात जावं लागलं. कागद खाली कापलेला, पण लूपखाली वेडेवाकडे ठिपके, रंग सरकलेला, म्हणजे क्रोमोलिथोग्राफ. पक्षी बघणाऱ्या एका मैत्रिणीने सांगितलं की हे स्टुअर्ट बेकरच्या बदकांवरच्या पुस्तकातलं वाटतंय, १९०८ चं, आणि ते काढलं होतं आपल्या बीएनएचएसने, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने. लायन गेटसमोरच्या त्यांच्या ऑफिसात, हॉर्नबिल हाऊसला आधी फोन केला, वेळ घेतली, अर्धा दिवस सुट्टी टाकली. पुस्तकातलं पान आणि माझ्या मोबाईलमधला फोटो शेजारी शेजारी ठेवला, पिसांवरची रेघन् रेघ जुळली. हा बेकर आसामात पोलिस खात्यात होता आणि फावल्या वेळात बदकांवर ग्रंथ! मूळ चित्र सोबत घेऊन जाऊ नका, चांगले फोटो आणि मापं पुरतात.

तित्तराचं चित्र पुठ्ठ्याला खळीने चिकटवलेलं, चारही बाजूंनी छाटलेलं, अक्षर एक नाही. ते पुन्हा त्याच वेबसाईटवर सापडलं, ह्यूम आणि मार्शल यांच्या शिकारी पक्ष्यांवरच्या पुस्तकात, कलकत्त्याहून १८७९ ते १८८१ मध्ये तीन खंड निघाले होते. ह्यूम म्हणजे काँग्रेसवालाच ॲलन ह्यूम, १८८५ चं पहिलं अधिवेशन आपल्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरवलं तो. त्याची पक्ष्यांवरची कित्येक वर्षांची हस्तलिखितं सिमल्यात नोकराने बाजारात रद्दीत विकून टाकली, आणि त्या निराशेत त्याने आपला सगळा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. हे वाचलं तेव्हा आमचा सहा हजारवाला आठवला.

उरलेली दोन लहान चित्रं एफ. ओ. मॉरिसच्या ब्रिटिश पक्ष्यांवरच्या पुस्तकातली, १८५० च्या दशकातली, लाकडावर कोरून छापून हाताने रंगवलेली. खरी, जुनी, देखणी, आणि बाजारात ढिगाने. जुनं म्हणजे महाग हा समज या दोघांनी उतरवला.

जानेवारीत किमतीकडे वळले. नेटवर गूल्ड टाकलं की दोन हजारापासून दोन लाखापर्यंत आकडे येतात आणि डोकं फिरतं. ते सगळे मागितलेले भाव असतात, मिळालेले नाहीत. लिलाव कंपन्यांच्या साईटवर झालेल्या विक्रीचे आकडे बघायचे, तेही त्याच पुस्तकातल्या, तशाच पक्ष्याच्या, तशाच अवस्थेतल्या चित्राचे. मोर, घुबड, तेजस्वी रंगाचे पक्षी वर, मातकट छोटे पक्षी खाली, हे शास्त्राचं नाही, भिंतीवर काय शोभतं त्याचं गणित आहे. लिलावाच्या आकड्यात घेणाऱ्याचं कमिशन धरलंय का तेही बघायचं, विकणाऱ्याच्या हातात त्याहून बरंच कमी येतं.

दक्षिण मुंबईतल्या एका लिलाव कंपनीला फोटो मेल केले, जवळजवळ तीन आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं की एवढ्या किमतीचा माल आम्ही घेत नाही. वाईट वाटलं, पण निदान खोटी आशा नाही दाखवली.

मग आमच्या सीएंनी रजिस्टर्ड व्हॅल्यूअर गाठून दिले. त्यांचा पहिला प्रश्न, "कशासाठी हवंय? विमा, वाटणी की विक्री?" मी म्हटलं, किंमत एकच असेल ना. हसले. म्हणाले, विम्याची किंमत म्हणजे उद्या हे जळलं तर दुकानातून दुसरं आणायला काय पडेल. वाटणीची म्हणजे घाई नसलेला विकणारा आणि समजणारा घेणारा यांच्यात काय ठरेल. आणि दुकानदार तुम्हाला देईल ती तिसरी, कारण त्याला ते कधी विकलं जाईल याचा भरवसा नाही. आमच्या गूल्डचे आकडे असे आले : विम्याला साठ हजार, वाटणीला तीस ते पस्तीस, दुकानदाराकडे पंधरा-सोळा. फॉक्सिंग नसतं तर जास्त. बदकं वाटणीला चार हजार, तित्तर छाटलेलं आणि चिकटवलेलं म्हणून दीड हजार, मॉरिस प्रत्येकी सातशे, फ्लेमिंगो म्हणजे फ्रेमची किंमत. लेखी रिपोर्ट फक्त गूल्डचा घेतला, चार हजार अधिक जीएसटी, ४,७२० रुपये. बाकीचे आकडे तोंडी. सातशेच्या चित्राचा लेखी दाखला करणं म्हणजे पैसे जास्त झाल्याचं लक्षण.

सीएंनी आणखी एक गोष्ट रिपोर्टमध्ये घालून घ्यायला लावली, १ एप्रिल २००१ ची किंमत. कलाकृती ही घरगुती वापराच्या वस्तूंत धरत नाहीत, विकली की भांडवली नफा लागतो. वारशाने आलेली आणि २००१ च्या आधीची असेल तर त्या तारखेची बाजारभावाची किंमत खर्च म्हणून धरता येते, आणि २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के, इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खर्च वाढवून धरणं) नाही. विकणार नसलात तरी त्याच रिपोर्टमध्ये हा आकडा मागून घ्या, नंतर वेगळी फी पडते.

इकडे दादाचं तिकीट मार्चचं. त्याने मोठं चित्र न्यायला खास ट्यूब मागवली होती. पण १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकृती आपल्याला देशाबाहेर नेता येत नाही, स्वतःच्या आजोबांची असली तरी. गूल्ड, ह्यूम, मॉरिस, १९०८ ची बदकं, सगळी त्यात बसतात. दादा जरा चिडला, "कागद तर आहे!" म्हणाला. मग आत्यानेच तोडगा काढला, फ्लेमिंगो घेऊन जा. आता तो नवा आहे हे आम्हाला माहीत, विमानतळावर कस्टम्सवाल्याला कोण सांगणार, जुनी फ्रेम, जुनं नाव. म्हणून पुरातत्त्व खात्याचं पुरातन नसल्याचं प्रमाणपत्र काढायचं ठरलं. मुंबईचं ऑफिस सायन किल्ल्याच्या आवारात आहे. अर्ज, फोटोंच्या प्रती, ओळखपत्राची झेरॉक्स, आणि वस्तू प्रत्यक्ष. फोटोंच्या प्रती जास्तच न्या, खाली स्टेशनपर्यंत परत जायचा कंटाळा येतो. तपासणाऱ्या बाईंनी लूप लावली आणि दोन मिनिटांत म्हणाल्या, "हे ऑफसेट आहे." मला इतका अभिमान वाटला, जसं काही माझाच पेपर तपासला. कागद हातात यायला दीड-दोन आठवडे लागले, तिकिटाच्या आधी भरपूर वेळ ठेवा. आणि कोणी दुकानदार "मी बाहेर पाठवतो, काळजी नको" म्हणाला तर त्याच्याकडे पुरातन वस्तू विकायचा परवाना आहे का ते आधी विचारा, धंदा करणाऱ्याला तो लागतोच.

वाटणी अशी झाली. बदकं त्या पक्षीवाल्या मैत्रिणीनेच चार हजारांना घेतली, पैसे काकूला. मॉरिसची जोडी भाच्यांना. तित्तर कॉन्झर्वेटरकडे आहे, पुठ्ठ्यापासून सोडवायचे अडीच हजार सांगितलेत, म्हणजे किमतीपेक्षा जास्त, पण आत्याने हट्टाने द्यायला लावलं आणि मी वाद घातला नाही. गूल्डला ॲसिड नसलेला माउंट आणि ऊन अडवणारी ॲक्रिलिकची काच, ५,८०० रुपये. माउंट अशा मापाने कापून घेतला की खालची नावांची ओळ दिसली पाहिजे, फ्रेमवाल्याला हे दोनदा सांगा. आत्या सध्या भाड्याने डोंबिवलीला आहे, तिथे बाहेरच्या भिंतीला पावसात ओल येते म्हणून चित्र आतल्या पॅसेजमध्ये, मागे बुचाचे तुकडे लावून भिंतीपासून थोडं सुटं टांगलंय.

विम्याचं अजून चालू आहे. घराच्या पॉलिसीत कलाकृती आपोआप धरत नाहीत, वेगळी नोंदवावी लागते, आणि एजंट खरेदीचं बिल मागतोय. आजोबांनी साहेबाकडून घेतलेल्या चित्राचं बिल कुठून आणायचं! सध्या व्हॅल्यूअरचा रिपोर्ट, पुढचे मागचे फोटो आणि आत्याच्या सहीचं पत्र असं जोडून दिलंय, मे महिन्यात रिन्यूअल आहे, तेव्हा साठ हजार धरतात की नाही ते कळेल.